मदत हवी आहे : ग्रॅनाइटच्या भेगेत वरच्या टप्प्यात हात बसत नाही

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. आपल्याकडे सगळा काळा बेसाल्ट, ग्रॅनाइट बघायचा तर हंपी गाठावी लागते. तिथल्या एका धोंड्यावर बारा-तेरा फुटांची उभी भेग आहे. या हिवाळ्यात भेगेत हात-पाय अडकवत ती चढायचीच आहे.

खालचा भाग जमतो. अंगठा तळव्यात दुमडला की हात फुगून पक्का बसतो. गुडघा बाहेर काढून बूट आडवा घालायचा, मग गुडघा सरळ केला की पायही घट्ट धरतो. अडतं ते वर. तिथे भेग रुंदावते, तळहात सैल पडतो आणि मूठ तर आत जातच नाही. हाताची पाठ पार सोलवटून निघते.

अशा अधल्यामधल्या रुंदीत हात कसा बसवता? बोटं वाकवून तळव्याची वाटी करतात म्हणे, पण वजन टाकताना मनगट किती वळवायचं? झिंक ऑक्साइडची चिकट पट्टी हातावर जाड गुंडाळून फरक पडतो का? सरावासाठी गच्चीवर दोन फळ्या बोल्टने जोडून भेग करणार आहे. लाकूड कुठलं घेऊ, आतून खरखरीत काय लावू? सोलापुरात कुणी अशी केली असेल तर बघायला येतो, प्लीज कळवा.