एकाच जिल्ह्यात दोन हवामानं, मग आरोग्याचा आराखडा एकच का?

माणदेशी: महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यात आमच्या माणमध्ये पाचशे मिलिमीटर पडला तरी साल चांगलं म्हणायचं. आजारही तसेच निराळे. उन्हात राबायचं आणि पाणी मोजून प्यायचं, मग मुतखडा होणारच. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांच्या दातांवर डाग पडतात, पुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पिऊन सांधे आखडतात. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. माणूस कसा आणि किती जगणार हे त्याचं पाणी आणि ऊन ठरवतं. आराखडा तालुक्यानुसार हवा.

वाईकर: नाही पटत. हवेनेच सगळं होत असतं, तर पाचगणीत क्षयरोगी आपोआप बरे झाले असते. १९१२ साली तिथे डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं ते याच हवेच्या भरवशावर. विश्रांती आणि चांगल्या आहाराने काहींना बरं वाटलंही असेल. पण क्षयावर खरा इलाज सापडला तो १९४३ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिन. केरळ बघा, दमट उकाडा किती! तरी तिथलं आयुर्मान देशात वरच्या क्रमांकाला. शिकलेल्या बायका आणि जवळ दवाखाना, हे त्याचं कारण.

सांगलीवाडी: ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. ती माणसं पाण्याने मारली की पुरेशा बोटी नसल्याने? मी तर वाईकरांच्या बाजूचा. पूर ओसरल्यावरही तेच. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलात पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू (लेप्टो) शिरतो, पण डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत मिळालं तर माणूस वाचतो.

माणदेशी: महापूर दिसतो म्हणून बोटी येतात, गोळ्या येतात. ऊन दिसत नाही. शेतात कोसळलेल्या म्हाताऱ्याला ‘अटॅक आला’ म्हणून मोकळे होतात. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर त्या महिन्याचे एकूण मृत्यू आधीच्या-नंतरच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा १३४४ जास्तीचे निघाले. त्यातूनच २०१३ साली तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला. आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या दहिवडी, आटपाडी, जतच्या एप्रिल-मेच्या मृत्यूनोंदी अशा लावून बघायला काय हरकत आहे?

वाईकर: हरकत कसली, बघायलाच हव्यात. पण आकडे हाती आले की तुम्ही मागणार काय? आरोग्य केंद्रात डॉक्टर, सलाइन, रुग्णवाहिका. म्हणजे मी म्हणतो तेच.

माणदेशी: ते तर हवंच. पण त्याआधी दुपारी १२ ते ४ रोजगार हमीचं काम बंद, कामावर सावली, आणि बोअरच्या तपासणीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. यातलं एकही डॉक्टरच्या हातात नाही.