निपाणीत वापरायला कोल्हापूरची जुनी स्विफ्ट डिझेल घ्यावी का?

निपाणीकर: २०१७ ची, एमएच-०९ पासिंग. रोज बेळगाव, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटानं गोवा. घेऊ का?

खानापूरवाला: रोजचं हायवे रनिंग असेल तर जरूर घ्या दादा. १.३ डिझेलचा १९० एनएम टॉर्क (चाकं फिरवायची ओढ) घाटात खरा कळतो. फक्त २००० आरपीएमखाली (इंजिनचे मिनिटाचे फेरे) टर्बो लॅग आहे, म्हणजे पाय दाबला तरी ओढ उशिरा येते, चढावर गिअर आधीच उतरवा. इंजिनच्या आत व्हॉल्व्ह फिरवायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून ऐका, खडखड आली तर चेन सैल. क्लच बघायचा तर हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच प्लेट गेली. घाट उतरताना दुसरा गिअर, नाहीतर ब्रेक तापून पेडल मऊ होतं.

चिक्कोडी_२३: कागद विसरू नका. १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवायची तर केए (कर्नाटकचा) नंबर लागतो. कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आधी घ्या, मग इथला रोड टॅक्स. ती रक्कम धरूनच भाव करा.

निपाणीकर: गाडी रात्रभर थंड ठेवायला सांगतो, सकाळी बघतो.