दिवाळीत भाजी कुठे जाते?

ए-६०३: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, म्हणून आत्ताच लिहिते. मागच्या दिवाळीत भाऊबीज येईपर्यंत मला पार मरगळ आली होती. सकाळी चहाबरोबर चिवडा, चार वाजता शंकरपाळे, रात्री पाहुण्यांसाठी बाहेरून मागवलेलं जेवण. सणाचे सगळे दिवस घरात पालेभाजी शिजलीच नाही आणि मी मुलांवर विनाकारण खेकसत होते. यंदा गणपतीत सासूबाईंनी ऋषीची भाजी मोठं पातेलंभर केली. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, भोपळा, भेंडी, मक्याची कणसं. दुसऱ्या दिवशीही पुरवून खाल्ली. जागरणं तेवढीच, धावपळ तेवढीच, पण अंगात हुशारी होती. मग दिवाळीतच आपण भाजी का विसरतो?

बी-१०२: दिवाळी वर्षातून एकदा येते हो. माझं मन माणसं घरी आली की प्रसन्न होतं, भाजीचं त्यात काय?

ए-६०३: काका, माणसं हवीतच, चकलीही हवी. तिच्या शेजारी पेरूच्या फोडी ठेवू, एवढंच म्हणते.

सी-४०१: डॉक्टर म्हणून थोडं सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या १२,००० हून जास्त लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. ज्यांच्या खाण्यात फळं-भाज्या वाढल्या, त्यांचं समाधान दोन वर्षांच्या आत वाढलेलं दिसलं. त्यावरून भाजीमुळेच ते वाढलं असं ठामपणे म्हणता येत नाही. पण न्यूझीलंडमधला २०१७ चा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. १७१ तरुण, दोन आठवडे. काहींना रोज दोन वाटे ताजी फळं-भाजी हातात दिली, काहींना फक्त आठवणीचे मेसेज आणि खरेदीची कुपनं. उत्साह वाढला तो हातात मिळालेल्यांचा. मेसेजवाल्यांना तसा फरक पडला नाही. नैराश्याची लक्षणं मात्र कुणाचीच कमी झाली नाहीत, हेही लक्षात ठेवा.

ए-६०३: म्हणजे ग्रुपवर आरोग्याचे मेसेज फिरवून भागणार नाही. चिरून समोर ठेवायला हवं.

सी-४०१: अगदी. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. बटाटा त्यात धरत नाहीत.

बी-७०४: मला शुगर आहे. सीताफळ फार आवडतं. बंदच का?

सी-४०१: बंद नाही काकू, पण थोडंच. पेरू जास्त बरा. फळ चावून खा, रस नको. गोळ्या चालू आहेत, तर किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

बी-१०२: पहाटेच्या कार्यक्रमाला खाली फराळाचं टेबल लागतंच. मी आणि मुलगा आदल्या दिवशी तुर्भ्याच्या फळ मार्केटला जाऊन पेरू, डाळिंबं, मोसंबी घेऊन येतो. गाडी आहे. चिरायला चार हात हवेत.

ए-६०३: काका, खूप बरं वाटलं. सुऱ्या आणि पाट माझ्याकडून. गाजर-काकडीही कापू, मुलं उभ्या उभ्या खातात.

डी-२०३: सगळं वाचतेय. हे गेल्यानंतरची माझी पहिली दिवाळी. एकटीसाठी मेथीची जुडी निवडायला बसवत नाही. दूध-पोळी खाऊन झोपते.

बी-७०४: अहो, मला कळवायचं नाही का? मीही दुपारी एकटीच असते.

सी-४०१: काकू, दुःख भाजीनं भरून येत नाही, तसं मी म्हणणारही नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल, तर मला सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

ए-६०३: काकू, उद्या चार वाजता दोन जुड्या घेऊन तुमच्याकडे येते. सातशेचारच्या काकूंनाही आणते. तिघी मिळून निवडू, भाजीही तिथेच फोडणीला टाकू.

डी-२०३: या. लसूण सोलून ठेवते.