मदत हवी आहे: वडिलांच्या छातीत पाणी, कारण कळेना. सीटी, एमआरआय की पेट?

कृष्णाकाठ
नमस्कार. वडिलांच्या छातीत पाणी झालंय. एकदा काढलं, परत भरलं. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही म्हणतात. सोमवारी मिरजेला परत पाणी काढणार आहेत आणि त्यानंतर स्कॅन करा म्हणालेत. सीटी, एमआरआय, पेट यातला कुठला केला म्हणजे एकदाच काय ते कळेल? माणसाला तीन ठिकाणी फिरवायचं नाहीये. लवकर सांगा.

तासगावची_माई
वय किती? कुठल्या बाजूला? ताप, खोकला, वजन? बीडी-सिगारेट? काहीच लिहिलं नाहीस बाळा.

शेतकरीपुत्र
सरळ पेट स्कॅन करून टाका. आमच्या चुलत्यांना सीटी झाला, मग पेट झाला, दोन्हीचा खर्च. पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात, ती जिथं जास्त शोषली जाते तो भाग चमकतो, आणि डोक्यापासून मांडीपर्यंत सगळं दिसतं.

विश्रामबागकर
पेट इतक्यात नको. टीबी असला तरी पेटवर चमकतं आणि कॅन्सर असला तरी चमकतं. आपल्याकडं टीबी एवढा असताना त्यावरून काय ठरवणार? मग एवढे पैसे कशाला घालायचे?

शेतकरीपुत्र
चुलत्यांचं निदान पेटवरच झालं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कृष्णाकाठ
माई, वय ६४. उजवी बाजू. ताप नाही. वजन उतरलंय, पण जेवणच जात नाही त्यांना. बीडी कधीच नाही. उजव्या कुशीवर उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपतात. पाणी पिवळं होतं, लिटरभर निघालं. आता कुठला स्कॅन ते सांगा.

आरोग्यसेवक_पलूस
टीबी निघाला तर काळजी करू नका. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत, आणि निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. आधार आणि बँक पासबुक तयार ठेवा.

कृष्णाकाठ
टीबी आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही हो.

फिल्म_आणि_फोकस
मी मिरजेत सीटीवर टेक्निशियन आहे. कोविडपासून जो येतो तो एचआरसीटीच (पातळ कापांचा, बिनडायचा सीटी) मागतो. तो फुफ्फुसाच्या आतल्या आजारासाठी चांगला. तुमचा प्रश्न फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणाचा आहे. त्याला शिरेतून डाय (कॉन्ट्रास्ट) देऊन काढलेला सीटी लागतो, आणि डाय सोडल्यावर साधारण मिनिटभर थांबून, म्हणजे आवरण उजळतं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘कॉन्ट्रास्टसह, प्लुरासाठी’ एवढं लिहून आणा, प्लुरा म्हणजे हेच आवरण. नुसतं ‘छातीचा सीटी’ लिहिलं तर काउंटरवर साधा म्हणून नोंद होते आणि परत यावं लागतं.
दुसरं, सगळं पाणी काढून झाल्यावर सीटी करू नका, आधी करा. पाणी असताना आवरणाची जाडी, बारीक गाठी वेगळ्या उठून दिसतात.

विश्रामबागकर
ज्याला आडवं होता येत नाही त्याला पाण्यासकट मशीनवर झोपवायचं? आधी दम उतरवा, मग फोटो.

फिल्म_आणि_फोकस
दम जास्त असेल तर आधी थोडं काढायचं, पूर्ण कोरडं करायचं नाही. आणि स्कॅन काही मिनिटांचाच असतो, एमआरआयसारखं ताटकळत पडून राहावं लागत नाही.

सह्याद्री_पायवाट
एमआरआय का नको पण? त्यात रेडिएशन नसतं.

छातीचा_डॉक्टर
चेस्ट फिजिशियन आहे, म्हणून लिहितो. एमआरआयला श्वासाची हालचाल आणि फुफ्फुसातली हवा दोन्ही नडतात. सीटीनं भागलं नाही, किंवा छातीच्या भिंतीत काही शिरलंय का एवढंच बघायचं असेल, तेव्हा उपयोग. ६४ व्या वर्षी निदान अडलेलं असताना एका सीटीच्या रेडिएशनचा बाऊ करू नका.
पण सीटीच्या आधी सोनोग्राफी. एक्सरेत फुफ्फुसाखालचा कोपरा बुजायला साधारण २०० मिली पाणी लागतं, सोनोग्राफीत त्याहून खूप कमी कळतं. पाण्यात जाळ्या झाल्यात का, तेही तिथंच दिसतं, सीटीत नीट दिसत नाही. सुईही सोनोग्राफी लावूनच घालावी. पहिल्यांदा तशी घातली होती का?
आणि हे सांगा: पाण्याचं प्रोटीन, एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम), एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) किती? रक्तातली साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी)? वडील काम काय करायचे?

कृष्णाकाठ
पाठीवर बोटानं ठोकून अंदाज घेऊन सुई घातली होती. प्रोटीन ४.६, एडीए १८, पेशींमध्ये कॅन्सर नाही लिहिलंय. एलडीएच सापडत नाही. डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू. क्रिएटिनिन १.६. कामाचा काय संबंध? साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर झालेत.

तासगावची_माई
अरे, क्रिएटिनिन १.६ आणि डाय! माझ्या जावेला डायनं त्रास झाला होता. अजिबात देऊ नका.

छातीचा_डॉक्टर
माई, नुसत्या क्रिएटिनिनवर ठरवत नाहीत, ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं तो आकडा, काढतात. या वयाला १.६ म्हणजे ईजीएफआर साधारण ४५ च्या आसपास येईल. खरी अडचण ३० च्या खाली. सेंटरवर मात्र क्रिएटिनिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही आधी सांगा, गोळी थांबवायची का ते तेच सांगतील.
कृष्णाकाठ, कारखान्यात कुठल्या खात्यात होते?

कृष्णाकाठ
बॉयलर हाऊस. वाफेच्या पाइपांवरचं पांढरं गुंडाळलेलं काढायचं आणि नवीन बसवायचं. तरुणपणी बरीच वर्षं. घरी आले की अंगावर पिठासारखं बसलेलं असायचं.

छातीचा_डॉक्टर
हे सोमवारी डॉक्टरांना पहिलं वाक्य म्हणून सांगा. त्या काळी बॉयलरच्या लॅगिंगमध्ये, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या त्या पांढऱ्या गुंडाळणीत, ॲस्बेस्टॉस सर्रास असायचा, आणि त्याचे आवरणावरचे परिणाम २०-४० वर्षांनी दिसतात. हे तेच आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच बाजूला, प्रोटीनवालं, परत भरणारं पाणी आणि एडीए १८ असताना आंधळेपणानं टीबीची औषधं सुरू करू नयेत.

आरोग्यसेवक_पलूस
एडीए कमी असला तरी टीबी असू शकतो सर.

छातीचा_डॉक्टर
असू शकतो, ४० च्या वर गेला की शंका बळावते एवढंच. म्हणूनच आवरणाचा तुकडा काढून तपासायला हवा, म्हणजे बायोप्सी. कुठलाही स्कॅन ‘कुठं’ ते दाखवतो, ‘काय’ ते बायोप्सीच सांगते. पाण्यातल्या पेशींची तपासणी कॅन्सर असलेल्या शंभरातल्या साधारण साठांतच पकडते, ॲस्बेस्टॉसच्या कॅन्सरमध्ये त्याहून कमी. सीटीत जागा सापडली तर तिथूनच सुईनं तुकडा, नाहीतर थोरॅकोस्कोपी, म्हणजे छातीत दुर्बीण घालून तुकडा. ती तुमच्या जवळपास कुठं होते ते आत्ताच विचारून ठेवा.

विश्रामबागकर
मिरजेत होईलच. वान्लेस साहेबांनी १८९४ ला तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातले लोकसुद्धा मिरजेलाच येतात.

तासगावची_माई
हे सगळं खरं, पण २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या आधी. हृदयामुळंही पाणी होतं.

छातीचा_डॉक्टर
हृदयाचं पाणी बहुधा दोन्हीकडं आणि कमी प्रोटीनचं. इको करायला हरकत नाही, पण त्यासाठी सीटी थांबवू नका.

कृष्णाकाठ
म्हणजे सोमवारी सोनोग्राफी, मग डायवाला सीटी, आणि पाणी त्यानंतर सोनोग्राफी लावून. बरोबर? आमच्या चिठ्ठीवर एचआरसीटी लिहिलंय आणि तोही पाणी काढल्यावर.

फिल्म_आणि_फोकस
बरोबर. उद्या फोन करून चिठ्ठी बदलून घ्या आणि ईजीएफआर सकाळीच करा. दम वाढला, ओठ निळसर वाटले तर मात्र सोमवारची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या.

शेतकरीपुत्र
पेटचं पण एकदा विचारून ठेवा.