'हेडस्पेस'ला मराठीत काय म्हणावं?

मांडवीकर: जुन्या .३०३ रायफलीवरचा लेख मराठीत करतेय. चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी), बोल्ट (ती मागून बंद करणारा दांडा) तसेच ठेवलेत, त्यांचं कुणाला अडत नाही. गाडी अडलीय 'हेडस्पेस'पाशी. बोल्ट बंद केल्यावर त्याचं तोंड आणि काडतूस जिथे अडतं ती जागा, यांतलं हे अंतर. .३०३ बुडाच्या कडेवर अडतं. कडेची जाडी फार तर ०.०६४ इंच, अंतर मात्र ब्रिटिश सैन्यात ०.०७४पर्यंत चालवून घेत. मी 'फट' लिहिलं, संपादकांनी 'शीर्षावकाश' करून परत पाठवलं.

चौसोपी: शीर्षावकाश! कुणाच्या डोक्यातली पोकळी म्हणे?

शुद्धमती: हसायला काय झालं? अवकाश म्हणजे मोकळी जागाच. अवकाशयानं उडायला लागली म्हणून शब्दाचा मूळ अर्थ जात नाही.

वाडीतलो: आमच्याकडे सुतार दार आणि चौकटीमधी सोडतत तेका 'गाळो' म्हणतत. "सूतभर गाळो ठेव, पावसात लाकूड फुगतला." गाळा लिवा नि मोकळे व्हा.

लेथवाला: गाळा नको, फटही नको. हेडस्पेस हे बंदुकीचं माप. काडतूस आत गेल्यावर हलायला जी जागा, म्हणजे जो खेळ, उरतो तो वेगळा, कारण तो काडतुसाच्या कडेवरही अवलंबून. आता काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांचं बघा. लढाईच्या काळातली चेंबरं ऐसपैस, बार उडाला की पुंगळी त्या मापाने फुगते. दर वेळी तिला दाबून मूळ मापावर आणलं तर बुडाच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. मग एखाद्या बाराला बूड तेवढं बाहेर येतं, बाकीची नळी आत चिकटून. म्हणून जाणते पुंगळीची नुसती मान, गोळी बसते तेवढा भाग, आवळतात. अर्थात ती पुंगळी मग त्याच रायफलीची. इथे 'फट' लिहिलंत तर वाचणारा कुठली फट समजेल?

मांडवीकर: पटलं. बोल्टच्या पुढच्या सुट्या डोक्यावर ० ते ३ आकडे असत, मोठ्या आकड्याचं बसवलं की अंतर कमी, तेही लेखात आहे.

लेथवाला: ते .३०३च्या नंबर ४ नमुन्याला. इशापूरच्या कारखान्यातल्या नंबर १ला आकडे नाहीत.

शुद्धमती: पुन्हा भरण्याला 'पुनर्भरण' करा.

चौसोपी: ते विहिरीचं! ग्रामपंचायत अनुदान द्यायला येईल. आमचे आजोबा बाराबोअरची काडतुसं घरीच भरायचे, 'काडतुसं भरतोय' म्हणायचे, बस. (आता परवान्याशिवाय असलं काही करू नका. निवडणूक आली की साधी परवान्याची बंदूकसुद्धा ठाण्यात जमा करायला लावतात.) आणि चेंबरला ते 'खजिना' म्हणत.

शुद्धमती: खजिना तोफेचा, ठासणीच्या बंदुकीचा, जिच्यात पुढून नळीतून दारू ठासतात. काडतूस आलं तिथे खजिना संपला.

मांडवीकर: गंमत म्हणजे 'मॅगझिन' (रायफलीतली काडतुसांची पेटी) आणि 'खजिना' एकाच अरबी धातूतून आलेत. म्हणजे चेंबरला खजिना म्हटलं तर मॅगझिनचं काय करायचं?

वाडीतलो: काडतूस तरी मराठी हा ना?

मांडवीकर: पोर्तुगीज. कार्तूश. मुळात कागदाची सुरळी.

शुद्धमती: तीनशे वर्षं वापरलं की मराठीच.

चौसोपी: मग हेडस्पेसने काय पाप केलंय? की तीनशे वर्षं थांबायचं?

वाडीतलो: तां ऱ्हवांदे. आजोबांच्या त्या खजिन्याक दार खंयसून होता, फुडसून की मागसून? थंयसून ठरतला शुद्धमतींचा बरोबर की चौसोपीचा.