मदत हवी आहे : सकाळच्या केसला पीआरएफ लिबलिबीत का येतंय?

नमस्कार मंडळी, कुणी ओरल सर्जरीवाले किंवा ब्लड बँकेतले असाल तर प्लीज सांगा. मी नाशिकला एमडीएस करतेय, थीसिस खालच्या अक्कलदाढेवर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या अडकलेल्या दाढा काढायच्या, एका सॉकेटमध्ये (दाढेच्या खड्ड्यात) पीआरएफ, म्हणजे पेशंटच्याच रक्तातून मिळणारा प्लेटलेटवाला फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या धाग्यांचा) क्लॉट ठेवायचं, दुसरं तसंच सोडायचं आणि सूज, दुखणं, ड्राय सॉकेट (क्लॉट निघून जाऊन खड्डा ठणकणं), नंतर एक्स-रेवर हाड बघायचं. शिवाय सर म्हणतात पीडीजीएफ आणि व्हीईजीएफ हे ग्रोथ फॅक्टर (जखम भरायला मदत करणारी प्रथिनं) किती सुटतात तेही एलायझा या लॅब टेस्टने मोज.

तर १० मिली रक्त, काही न मिसळता, सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये २७०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १२ मिनिटं, नेहमीचंच. दुपारच्या केसला क्लॉट मस्त घट्ट येतो, चिमट्यात धरला की अख्खा वर. सकाळच्या पहिल्या केसला मात्र एवढासा नि लिबलिबीत, दाबून मेंब्रेन करायला गेलं की काही उरतच नाही. मशीन तेच, ट्यूबा त्याच. सध्या निफाडचा पारा रोज पेपरात येतोय, आमची ओपीडी पण सकाळी नुसती गारठलेली असते, त्याचा संबंध असेल का? ज्युनिअर म्हणतो पीआरपी (प्लेटलेटवाला प्लाझ्मा) कर, त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं त्यामुळे घाई नाही, पण त्याला गोठवायला परत थ्रॉम्बिन-कॅल्शियम घाला आणि बहुतेक ग्रोथ फॅक्टर तासाभरातच सुटून जातात, मग हाडाला काय उरणार?

(पेशंटच्या आईला समजावणं हा वेगळाच विषय. "पोराचंच रक्त परत पोरात घालायचं तर काढता कशाला?")

प्रतिसाद १ : ताई, थंडीचा संबंध नक्की असू शकतो. गारठ्यात रक्त उशिरा गोठतं, मशीन मात्र लाल पेशी तेवढ्याच वेगाने खाली बसवतं, मग फायब्रिनला जाळं विणायला वेळच मिळत नाही. ट्यूबा गार कपाटात ठेवू नका, पहिल्या केसआधी मशीन थोडं रिकामं फिरवा. रक्त काढल्यावर मिनिट-दोन मिनिटांत ट्यूब आत गेलीच पाहिजे. ट्यूब काचेची आहे ना? साध्या प्लास्टिकला आतून सिलिकाचा थर नसेल तर रक्त नीट गोठत नाही, आणि पिवळ्या झाकणाची जेलवाली तर नकोच.

आणि नुसतं आरपीएम लिहू नका हो. २७०० ला रोटरची त्रिज्या ८ सेंमी असेल तर साधारण ६५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट जोर) होतं, ११ सेंमी असेल तर ९०० च्या आसपास. व्हायव्हाला हेच विचारतात.

प्रतिसाद २ : एलायझाला एकदाच सॅम्पल घेऊन भागणार नाही, पीआरएफ हळूहळू सोडतं. क्लॉट मीडियममध्ये ठेवून तासाने, मग १, ३, ७ दिवसांनी घ्या. तुलनेला सीरम (रक्त गोठल्यावर उरलेलं पाणी) नको, गोठताना प्लेटलेट फुटून त्यात पीडीजीएफ आधीच उतरलेलं असतं, न गोठलेल्या रक्ताचा प्लाझ्मा घ्या.

धागाकर्ती : खूप आभार दोघांचे! ट्यूब काचेचीच आहे, पण मशीन खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये आणि सकाळी तिथलं कुलूप कधी उघडेल ते मामांच्या मर्जीवर, त्यामुळे वेळेचाही घोळ असणार. त्रिज्या मधल्या दांड्यापासून ट्यूबच्या तळापर्यंत मोजायची ना?

प्रतिसाद १ : हो, बकेट बाहेर फेकली जाणारी असेल तर ट्यूब आडवी धरून मोजा.