बाबांच्या कमरेत 'गॅप' सांगितलाय, पण त्यांना शर्टाची बटणंही लावता येत नाहीत. कोणाला दाखवू?

माळरान_सोलापूर:
नमस्कार मंडळी, बाबा ६४ वर्षांचे, शेती करतात, शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. कंबर दुखते म्हणून एमआरआय केला तर एल४-एल५ ला (कमरेचे खालचे मणके) डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली, असं आलं, डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे, पट्टा बांधा, वजन उचलू नका. ते ठीक. पण गेल्या काही महिन्यांत चालणंच बदललंय, पाय ताठ टाकतात, अंधारात बांधावरून जाताना तोल जातो, चप्पल पायातून निसटते आणि त्यांना पत्ता पण नसतो. हाताचंही तेच, बटणं आई लावून देते, बँकेत सही जुळेना म्हणून परत पाठवलं. मान अजिबात दुखत नाही. सगळे म्हणतात वय झालं, कमरेमुळेच असणार. मामा म्हणतात एके ठिकाणी मणका बसवून देतात, तिकडे नेऊ. काय करू?

फिजिओ_ताई:
दादा, मणका बसवायला अजिबात नेऊ नका, हात जोडून सांगते. कमरेच्या गादीमुळे हाताची बोटं बिघडत नाहीत. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण एल१-एल२ पाशीच (कमरेचे वरचे मणके) संपतो, त्याच्या खाली नुसत्या नसा असतात, तिथे नस दबली तर पायात कळ जाते, पाऊल लुळं पडतं, पण पाय असा ताठ होत नाही. पाय ताठ आणि जोडीला हातही बिघडले म्हणजे पहिल्यांदा मान बघायची. वयानुसार मानेचे मणके झिजतात, हाड वाढतं, लिगामेंट जाड होतं आणि मधल्या मधे रज्जू चेपतो, ह्याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. मान दुखायलाच पाहिजे असं काही नाही आणि म्हणूनच ह्यात फार उशीर होतो, माणसं वर्षभर कमरेलाच शेक देत बसतात. घरी एक बघा, मूठ घट्ट वळायची आणि बोटं पूर्ण उघडायची, १० सेकंदात साधारण २० वेळा जमायला हवं. आणि टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा, पण बाजूला कुणीतरी धरायला हवं हं.

शीतल_कोथरूड:
माझी पण मान धरायची, शीर्षासन सुरू केलं आणि छान फरक पडला, बाबांना योगा लावून बघा.

रेसिडेंट_न्यूरो:
ताई, राग मानू नका, तुमची मान स्नायूंमुळे धरत असेल, इथे रज्जूवरच दाब असण्याची शंका आहे, त्यात शीर्षासन, मान मोडून घेणं, ट्रॅक्शन (मान ओढून ताण देणं) यातलं काहीही नको. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडाकड मोडतात ते पण बंद.
माळरान, फिजिओ ताईंशी सहमत. न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जनला दाखवा आणि मानेचा एमआरआय करायचा का विचारा, कमरेच्या एमआरआयमध्ये मान दिसतच नाही. ते हातोडीने रिफ्लेक्स बघतील, मधल्या बोटाचं नख टिचकवून अंगठा वळतो का बघतील, तळव्यावरून रेघ ओढतील. ह्या पाच मिनिटांच्या तपासणीला रिपोर्टइतकीच किंमत आहे, कारण डिस्क बल्ज तर काहीच त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये सापडतं.
अजून एक, व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, त्यात शाकाहारी असतील तर जास्तच, आणि त्यानेही रज्जूचं नुकसान होऊन अंधारात तोल जातो. तोपर्यंत मनाने नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका, रक्त सुधारल्यासारखं दिसतं पण आत रज्जूचं नुकसान चालूच राहतं. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

कोल्हापूरची_सून:
माझ्या सासऱ्यांचं मानेतल्या रज्जूवरचा दाब काढायचं ऑपरेशन झालंय, गळ्याच्या पुढच्या बाजूने चीर देऊन गादी काढली आणि प्लेट बसवली. सुरुवातीचे काही दिवस गिळताना त्रास झाला, पेज आणि पातळ वरणावर ठेवलं होतं. चालणं बरंच सुधारलं, बोटांतल्या मुंग्या मात्र अजून आहेत. सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशन मुख्यतः पुढची घसरण थांबवायला असतं, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, म्हणून जितक्या लवकर तितकं बरं. खर्चाचं म्हणाल तर जन आरोग्य योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा.

माळरान_सोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच मूठ उघडून-मिटून बघितली, १० सेकंदात ९ च झाली आणि करंगळी पूर्ण सरळच होत नाही. रेषेत तर दोन पावलं टाकता आली नाहीत. गुरुवारी न्यूरोसर्जनची वेळ मिळालीये, बाबांना मोटरसायकलवरून नेलं तर चालेल का?

रेसिडेंट_न्यूरो:
नको, गाडी करा. रज्जूला आधीच जागा कमी असली तर पडण्याने किंवा जोराच्या झटक्याने एकदम हात लुळे पडू शकतात. बाथरूममध्ये रबरी मॅट टाका, रात्री दिवा चालू ठेवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, नाहीतर हातापायातली ताकद अचानक कमी झाली, तर गुरुवारची वाट बघू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या. कमरेचा एमआरआय पण बरोबर घ्या, फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्टचा कागद नको.